हौस आखाच्या वर असावी : वऱ्हाडी बंडी, उचललेली गाडी आणि परंपरेचा खोटा दाखला

#धागा #वऱ्हाड #इतिहास

१/
अमरावतीहून परतवाड्याकडे निघाले की पेढी नदीच्या काठी वलगाव लागते. पुढे आसेगाव, मग परतवाडा, आणि त्यानंतर चिखलदऱ्याचा घाट. सुटीच्या दिवशी या रस्त्यावर दोन तऱ्हेच्या गाड्या हमखास लक्ष वेधून घेतात. एक, स्प्रिंगांशी ठोकळे आणि मापापेक्षा मोठे टायर बसवून उंच उचललेली जीप. दुसरी, स्प्रिंग कापून जमिनीला टेकवलेली कार. त्यांच्या मागून तिसरी गाडी येते, तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही : पाट्यांत जादा पत्त्या भरून मागून उचललेला, मालाने ओसंडणारा ट्रक.

२/
पहिल्या दोन गाड्यांच्या समर्थनार्थ अलीकडे इतिहास पुढे केला जातो. पोळ्याला बैल सजतात, शंकरपटाची गाडी खास घडवली जाते, ट्रकवर नक्षी काढतात. वाहन सजवणे ही आपली परंपराच आहे, मग उंची बदलली तर बिघडले कुठे? युक्तिवाद ऐकायला गोड आहे. इतिहास म्हणून मात्र तो चुकीचा आहे, आणि ही चूक पुस्तकापुरती राहत नाही, रस्त्यावर कोणाच्या तरी जिवावर बेतते.

३/
प्रतिपादन आरंभीच स्पष्ट असावे. आख म्हणजे ज्या आडव्या दांड्यावर गाडीची दोन्ही चाके फिरतात तो दांडा. वऱ्हाडातील रोजच्या गाडीची हौस या आखाच्या वर राहिली. आख जमिनीपासून किती उंच असावा, हे रस्ता, ओझे आणि बैल ठरवीत; मालकाची लहर ठरवीत नसे. आज परंपरेच्या नावाने जे केले जाते, त्याने मोडते ती हीच परंपरा.

४/
आरंभ चाकाच्याही आधीपासून करावा लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस दूरदेशी जाई तो प्रामुख्याने बैलांच्या पाठीवरून. बंजाऱ्यांचे लमाण तांडे तो गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत. अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने १८४२ साली एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याकडे रवाना केला असे सांगतात, अशी नोंद ब्रिटिश गॅझेटियरने करून ठेवली आहे. आकडा फुगवलेला असेलही. पण त्यामागची वाहतुकीची पद्धत खरी आहे.

५/
चाक असताना पाठ का? उत्तर मातीत आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आक्रसून भेगाळते. पावसाळ्यात ती चाकाला अशी चिकटते की चाक फिरण्याऐवजी चिखलाचा गोळा होऊन घासत जाते. उन्हाळ्यात जुन्या चाकोऱ्या दगडासारख्या कडक होतात. बैलाचा पाय चिखलातून उपसून निघतो, चाक रुतून बसते. म्हणून जिथे बांधलेला रस्ता नाही तिथे लांबच्या प्रवासाला पाठच विश्वासाची.

६/
१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना भारतीय कापसाची निकड भासली. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावच्या फाट्याचे उद्घाटन खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले. लमाणांचा लांब पल्ला रेल्वेने गिळला. उरला तो शेत ते जिनिंग आणि जिनिंग ते स्टेशन हा जवळचा पल्ला. तो बंडीने उचलला.

७/
बंडी म्हणजे वऱ्हाडातील मालवाहू बैलगाडी. तिचे चाक नीट पाहावे. मधोमध लाकडी तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांना जोडणारे पुठ्ठे, आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव तापवून लाल करायची, चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचे. लोखंड आक्रसते आणि लाकूड घट्ट पकडते. सुताराचे माप आणि लोहाराची आग यांचा मेळ बसला नाही तर चाक पहिल्याच पावसाळ्यात खिळखिळे होते.

८/
हे चाक इतके मोठे का असते? शोभेसाठी नव्हे. आख चाकाच्या केंद्रात असतो. म्हणजे जमिनीपासून आखाची उंची चाकाच्या त्रिज्येएवढी. चाकोरी खोल असेल तर आखाचे पोट तिच्या मधल्या उंचवट्याला घासू नये, एवढी त्रिज्या हवीच. शिवाय मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते आणि दगडावर सहज चढते. काळ्या मातीने विचारलेल्या प्रश्नाला सुताराने दिलेले हे उत्तर होते.

९/
मग चाक आणखी मोठे का केले नाही? कारण गाडीच्या दुसऱ्या टोकाला बैल होता. आखावरून निघालेली दांडी पुढे जुवापर्यंत जाते आणि जू बैलांच्या खांद्यावर बसते. आख खांद्याच्या मानाने फार वर गेला, तर दांडी पुढे उतरती होते, माल पुढे सरकतो आणि ओझे मानेवर येते. फार खाली गेला, तर दांडी वर तोंड करते आणि भार मागे ढळतो. जमीन एक मर्यादा घाली, बैल दुसरी. सुताराला मोकळीक होती ती या दोहोंच्या मधली.

१०/
भार मागे ढळून जू वर उचलले जाते, बैलांच्या गळ्यातील पट्टे आवळतात, त्या अवस्थेला मराठीत स्वतंत्र शब्द आहे : गाडी 'उलाळ' झाली. शेतकऱ्याच्या घरातील पोरालाही तो कळे. गाडी भरताना एक जण दांडीशी उभा राहून भार चाचपत असे, तो याच भीतीने.

आता अमेरिकेकडे पाहू. तेथील काही तरुणांत ट्रकचे नाक वर आणि शेपूट खाली ठेवण्याची टूम निघाली. चालकाला समोरचा रस्ता धड दिसेना. नॉर्थ कॅरोलायना राज्याने १ डिसेंबर २०२१ पासून त्यावर बंदी घातली : पुढचा मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक उंच असता कामा नये. वऱ्हाडी माणसाने ही गाडी पाहिली असती तर एकच शब्द उच्चारला असता.

११/
त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ग्रामव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला आणि त्याचे नावच 'गावगाडा' ठेवले. गावाला गाड्याची उपमा सुचावी, इतके हे वाहन सामाईक जीवनाचा भाग होते. सुतार आणि लोहार हे बलुतेदार. बंडी एकाच्या मालकीची असली तरी ती घडवणारे हात गावाचे होते आणि तिची चाकोरी साऱ्यांची. एकाच्या गाडीचे अंतर वेगळे पडले तर सगळ्यांची वाट बिघडे. वाहन खाजगी आणि वाट सार्वजनिक, हा पेच मोटारीने आणलेला नाही.

१२/
याचा अर्थ वऱ्हाडी माणूस अरसिक होता असा नाही. त्याच्याकडे दमणी होती. दमणी म्हणजे माणसांना बसण्यासाठीची हलकी, चपळ गाडी. लेकीला आणायला, जत्रेला जायला, पाहुण्यांपुढे मिरवायला तिचा उपयोग. तिला छत, गादी, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. कापसाची बंडी आणि मानाची दमणी ही दोन वेगळी वाहने होती. ज्याला दोन्ही परवडत तो दोन्ही ठेवी. ज्याला एकच परवडे, तो बंडी ठेवी आणि सणाला तिच्यावरच चादर अंथरी.

१३/
पोळ्याच्या साजाची यादी करून पाहावी. शिंगांना रंग आणि बेगड, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरू, पायात तोडे. यातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या दिवशी उतरवता येते. एकाही वस्तूने बैलाची चाल बदलत नाही, जू सरकत नाही, आख हलत नाही. ट्रकवरच्या नक्षीचेही तसेच : रंग, आरसे, गोंडे, शुभचिन्हे. सजावटीची परंपरा खरी आहे. पण ती कुठवर जाते आणि कुठे थांबते, हाही त्याच परंपरेचा भाग आहे.

१४/
शंकरपटाचा दाखला जरा अधिक गांभीर्याने घ्यावा लागेल, कारण तिथे गाडीच बदलते. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट प्रसिद्ध आहे. पटाची गाडी नुसता सांगाडा असते. वजन शक्य तितके कमी, उद्देश एकच, वेग. पण ती धावते आखलेल्या मैदानात, प्रेक्षकांपासून अलग. पट संपला की तिच्यात कोणी सरकी भरत नाही आणि म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेत नाही. बंडी कापून पटाची गाडी करणाऱ्याला गावाने शहाणा म्हटले नसते.

१५/
शिवाय शंकरपटालाही नियमांच्या चौकटीत यावेच लागले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या. राज्याने कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो बदल वैध ठरवला. ज्यांना शंकरपटाचा वारसा सांगायचा आहे, त्यांनी तो पूर्ण सांगावा : वेगळी गाडी, वेगळे मैदान, ठरलेले नियम. परतवाडा रस्ता म्हणजे पटाचे मैदान नाही.

१६/
मोटारीचा इतिहासही हेच सांगतो. १९०८ साली आलेली फोर्डची मॉडेल टी उंच होती, कारण तेव्हाचा ग्रामीण अमेरिकी रस्ता म्हणजे चिखल आणि चाकोऱ्या. रस्ते पक्के होत गेले तशा मोटारी खाली येत गेल्या. १९४८ मध्ये फ्रान्सने सित्रोएनची दोन घोड्यांच्या नावाची छोटी गाडी पाहिली. नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली न फुटता नेता यावी, ही तिच्यामागची अपेक्षा. १९५५ मध्ये त्याच कंपनीने रस्त्याप्रमाणे उंची बदलणारी गाडी आणली. उंची बदलणे हा गुन्हा कधीच नव्हता. प्रश्न असतो तो कशासाठी आणि कोणत्या हिशेबाने.

१७/
'व्यवहार्य' हा शब्दही तपासून घ्यावा. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली. आपल्याकडे बसचा सांगाडा दीर्घकाळ ट्रकच्या चासीवर चढवला गेला. मालाला सोयीची उंची माणसांच्या माथी आली. गुडघे दुखणारी आजी, कडेवर मूल घेतलेली बाई, काठी टेकणारा म्हातारा यांना ती पहिली पायरी अजून आठवते. उंची कोणासाठी सोयीची आणि कोणासाठी अडचणीची, हे विचारल्याशिवाय व्यवहाराचा दाखला अर्धवटच राहतो.

१८/
आता प्रतिपक्षाचा सर्वांत वजनदार मुद्दा. तो परंपरेचा नाही, खड्ड्यांचा आहे. रस्तेच असे आहेत की गाडी उचलल्यावाचून गत्यंतर नाही, असे म्हणणाऱ्याला खोटे ठरवता येणार नाही. पावसाळ्यात वलगावच्या आसपासच्या कोणत्याही पांदण रस्त्यावर जाऊन पाहावे. काळी माती अजून तीच आहे आणि ती अजूनही उंची मागते. जे आठव्या भागात सुताराच्या बाजूने मान्य केले, ते इथे नाकारता येत नाही.

१९/
पण सुताराने केलेली उंची आणि गॅरेजमध्ये केलेली उंची यांत फरक आहे. सुतार चाक, दांडी, जू आणि बैल यांचा एकत्र विचार करी. कारखान्यातून उंच म्हणून घडलेली गाडीही रुंदी, ब्रेक, स्प्रिंग, दिवे यांचा मेळ घालून उंच झालेली असते. ठोकळे घालून उचललेल्या गाडीत एकच माप बदलते आणि बाकी सगळी मापे जुन्या उंचीशी इमान राखून बसतात. बिघाड नेमका तिथे शिरतो.

२०/
पहिला हिशेब उलटण्याचा. समजा, डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १५० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर. अंतराच्या निम्म्याला उंचीने भागले की १.०७ येतात. गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर वर गेला की तोच आकडा ०.९४ होतो. अमेरिकेचे वाहनसुरक्षा खाते गाडी उलटण्याचा धोका मोजताना याच गुणोत्तराचा आधार घेते. आकडा जितका लहान, तितकी गाडी लवकर कलंडणार. चिखलदऱ्याच्या वळणांवर हा फरक वहीत राहत नाही.

२१/
दुसरा हिशेब दिव्यांचा. खालचा झोत साधारण शंभराला एक या उताराने जमिनीकडे झुकवलेला असतो. पुढच्या-मागच्या चाकांत २७५ सेंटिमीटर अंतर असलेल्या गाडीचे नाक केवळ ५ सेंटिमीटर उचलले, तर झोताचा कोन शंभराला १.८ ने वर सरकतो. खाली जाणारा झोत आता शंभराला ०.८ ने वर चढतो. ५० मीटरवर तो दिव्यापेक्षा ४० सेंटिमीटर उंच असतो. तिथे समोरून येणाऱ्याचे डोळे असतात. मागच्या पाट्यांवर बेसुमार माल लादला तरी परिणाम हाच.

२२/
तिसरा हिशेब वेगाचा. टायरचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला की काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ च्या वेगाने धावत असते, आणि तेच जुने ब्रेक अधिक मोठे चाक थांबवू पाहतात.

चौथा धडकेचा. दोन गाड्यांचे बंपर समोरासमोर आले तर ते धक्का पचवतात. एक वर आणि एक खाली असेल तर उंच गाडी खालच्या गाडीच्या काचेपर्यंत पोहोचते. पादचाऱ्याला गुडघ्याऐवजी छातीत मार बसतो.

२३/
ट्रकच्या बाबतीत हा धडा जगाने फार मोठी किंमत मोजून शिकला. २९ जून १९६७ च्या पहाटे अमेरिकेत अभिनेत्री जेन मॅन्सफील्ड यांची मोटार ट्रकच्या मागे शिरली आणि त्या जागीच गेल्या. ट्रकच्या पाठीमागचा आडवा लोखंडी दांडा तेथे पुढे त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. भारतीय नियमांनीही मालवाहू ट्रकच्या मागे आणि बाजूंना अशी अडसररचना सक्तीची केली आहे. पाट्यांत जादा पत्ती घालून रिकामा ट्रक मागून उचलला की तो दांडाही वर जातो, आणि खाली मोटारीला शिरायला वाट मोकळी होते.

२४/
खाली आणलेल्या गाडीची बाजूही पाहावी. ती वळणावर बरी चिकटते, हे खरे. पण कारखान्याने तिच्यासाठी वेगळी स्प्रिंग घडवली असेल तर. स्प्रिंग कापली की तिचा प्रवास तोकडा होतो, धक्का थेट सांगाड्याला बसतो, मोठ्या खड्ड्यात स्प्रिंग आपल्या बैठकीतून निसटू शकते. मग गतिरोधकावर अशी गाडी तिरपी, जवळजवळ थांबून चढते आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराने तिचा अंदाज बांधत राहावे. मालकाची हौस, जोखीम दुसऱ्याची.

२५/
मागून उचललेल्या ट्रकला याच मापाने झोडपणे मात्र अन्यायाचे. तिथे हौस नाही, भाडे आहे. टनावर मिळणारे भाडे, डिझेल, हप्ता आणि रिकामी परतफेरी यांच्या गणितात पाट्याची एक जादा पत्ती म्हणजे चालकाच्या घरची भाकरी असते. माल लादणारा व्यापारी आणि वजनकाट्यावर डोळेझाक करणारी व्यवस्था मोकळी सोडून एकट्या चालकाला दोषी धरणे सोपे आहे. बंडीच्या काळी ओझ्याची मर्यादा बैल गुडघे टेकून सांगे. यंत्र तसे सांगत नाही, म्हणून ती मर्यादा माणसांनी पाळायची असते.

२६/
कायदा काय म्हणतो? मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, कलम १८२-अ नुसार, अनधिकृत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तरीही केवळ दंडाच्या भीतीवर हा वाद सोडवू नये. चांगल्या सुताराला कलम लागत नसे.

२७/
यावर एक जाणकार प्रश्न येतो : कॅलिफोर्नियाने तर बंदी उठवली! खरे आहे. चाकाच्या रिमपेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली नेण्यास तेथे १९५८ पासून मनाई होती. रॉन अगीरे यांनी १९५९ मध्ये आपल्या मोटारीला हायड्रॉलिक यंत्रणा बसवली, ती पोलिस दिसताच गाडी कायदेशीर उंचीवर आणता यावी म्हणून. मेक्सिकन वंशाच्या समाजाने ही संस्कृती जोपासली आणि तिच्या आडून त्यांचा छळही झाला. १ जानेवारी २०२४ पासून ती मनाई संपली, हे न्याय्यच झाले.

२८/
पण या उदाहरणातून काय सिद्ध होते? ती गाडी हळू चालवण्यासाठी आणि पाहिली जाण्यासाठी घडवलेली असते. कळ दाबली की ती रस्त्याच्या उंचीवर परत येते. थोडक्यात, ती कॅलिफोर्नियाची दमणी आहे. वलगावातून ८० च्या वेगाने सुटणारी, कायमची उचललेली जीप तिचा वारसा कसा सांगणार? परक्या परंपरेचा दाखला घ्यायचा तर त्यातली शिस्तही घ्यावी लागते.

२९/
आणि आता खड्ड्यांच्या मुद्द्याचे खरे उत्तर. ज्याच्यापाशी पैसा आहे तो गाडी उचलून खड्ड्याच्या वर निघून जातो. खड्डा तिथेच राहतो : सायकलवरच्या शाळकरी मुलीसाठी, एसटीसाठी, पऱ्हाटी वेचून परतणाऱ्या मजूर बायांच्या रिक्षासाठी. पूर्वी चाकोरी बिघडली तर पाटलाच्या बंडीलाही ती बाधे, म्हणून पाटील बोले. आज बोलू शकणारा माणूस खड्ड्याच्या वर बसला आहे. शेत-पाणंद रस्त्यांसाठी राज्याने २०२१ मध्ये 'मातोश्री' नावाची योजना आणली. आपल्या गावाचा कोणता रस्ता तिच्यात आला, हे ग्रामसभेत विचारायला ठोकळ्यांच्या जोडीपेक्षा खर्च कमी येतो.

३०/
पुन्हा पेढीच्या काठी येऊ. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, याच वलगावजवळ, गाडगेबाबांनी देह ठेवला. ज्या माणसाने जन्मभर सांगितले की कर्ज काढून सण करू नका, देखाव्यापायी घर बुडवू नका, त्याच्या अखेरच्या वाटेवर आज हप्त्यांवर घेतलेले टायर मिरवतात. बाबा रुक्ष नव्हते. त्यांचे कीर्तन गावोगाव लोटणाऱ्या गर्दीला पोट धरून हसवी. हौसेचा बोजा दुसऱ्यावर पडू लागला की मात्र त्यांची जीभ तिखट होई.

३१/
या रस्त्याने आजही रोज कोणीतरी आजारी माणसाला अमरावतीच्या दवाखान्यात नेत असते. रात्र असते, गाडी साधी असते, चालवणारा घरचाच कोणी तरी घाबरलेला पोरगा असतो. समोरून नाक उचललेल्या गाडीचा झोत थेट डोळ्यांत येतो आणि दोन क्षण रस्ता दिसेनासा होतो. परंपरेचा दाखला देणाऱ्याने त्या दोन क्षणांचाही हिशेब द्यावा.

३२/
गाडी सजवावी. रंग द्यावा, गोंडे लावावेत, गादी मऊ करावी, गाणे लावावे, पोळ्याला बैलाशेजारी तिचीही पूजा करावी. शर्यतीची इच्छा असेल तर मैदान मागावे, वेगळी गाडी घडवावी. रोजच्या गाडीची उंची मात्र रस्ता, ओझे आणि समोरून येणारा माणूस यांनी ठरवू द्यावी. वऱ्हाडाच्या सुताराने एवढेच केले होते, म्हणून त्याच्या बंड्यांनी दशकानुदशके पांढरे सोने स्टेशनपर्यंत बिनबोभाट पोहोचवले.

#समाप्त